सहसंबंध दिसला, पण कारण कोणतं? तर्कक्षमतेचे प्रश्न पायरीपायरीने सोडवताना

आधी हा छोटा उतारा वाचा.

‘एका शहरात ज्या सोसायट्यांनी सीसीटीव्ही कॅमेरे बसवले आहेत, तिथून पोलिसांकडे चोरीच्या तक्रारी जास्त येतात. कॅमेरे नसलेल्या सोसायट्यांतून कमी येतात. यावरून दिसतं की कॅमेऱ्यांमुळे चोऱ्या वाढतात.’

निष्कर्षात गडबड आहे हे शाळेतल्या मुलालाही कळेल. पण नुसती गडबड कळून गुण मिळत नाहीत. ती कुठे आहे आणि समोरच्या चार-पाच पर्यायांपैकी नेमका कोणता पर्याय तिच्यावर बोट ठेवतो, हे दीड-दोन मिनिटांत ठरवावं लागतं. वर्गात हा उतारा दिला की मागच्या बाकावरून ठरलेलं उत्तर येतं: ‘मॅडम, सहसंबंध म्हणजे कार्यकारणभाव नाही.’ म्हणजे दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडते असं नाही. वाक्य शंभर टक्के खरं आहे, फक्त त्याने एकही पर्याय उडत नाही. पर्याय उडतात ते त्याच्या पुढच्या प्रश्नाने: मग हा सहसंबंध दिसतोय तरी कशामुळे?

कॅमेरे आणि तक्रारी एकत्र दिसतात, हे उताऱ्यात दिलेलं आहे आणि ते खरंच मानायचं आहे. त्यामागे काहीतरी असणार. कदाचित आधी चोऱ्या झाल्या म्हणून घाबरून कॅमेरे बसवले गेले. कदाचित कॅमेऱ्यात चोर दिसतो म्हणून लोक तक्रार नोंदवायला जातात आणि बाकीच्या सोसायट्यांतले लोक ‘जाऊ दे, सापडणार थोडंच’ म्हणून गप्प बसतात. कदाचित पैसेवाल्या सोसायट्यांना कॅमेरे परवडतात आणि चोरांची नजरही त्यांच्यावरच असते. लेखकाने सांगितलेलं कारण हा या यादीतला फक्त एक उमेदवार आहे. मला या लेखात सांगायचं आहे ते एवढंच: सहसंबंधाच्या प्रश्नातला जवळजवळ प्रत्येक कामाचा पर्याय एखाद्या उमेदवाराला बळ देतो किंवा पाडतो. उमेदवारांची यादी आधी तयार असेल तर पर्याय वाचणं म्हणजे नुसतं जुळवणं होतं.

हे प्रश्न बऱ्याच परीक्षांत येतात. अमेरिकेतल्या विधी महाविद्यालयांसाठीच्या एलसॅटमधून ऑगस्ट २०२४ पासून लॉजिक गेम्स गेले आणि लॉजिकल रीझनिंगचे दोन विभाग गुणांत धरले जाऊ लागले, त्यामुळे तिथे यांचं वजन खूप वाढलं. व्यवस्थापन शिक्षणासाठीच्या जीमॅटमध्ये व्हर्बलचे, म्हणजे भाषेच्या विभागाचे, २३ प्रश्न ४५ मिनिटांत सोडवायचे असतात आणि त्यात क्रिटिकल रीझनिंग, म्हणजे युक्तिवाद तपासायचे प्रश्न, असतं. आपल्याकडच्या विधी प्रवेशाच्या क्लॅटच्या १२० प्रश्नांत उताऱ्यांवर आधारित तर्काचा वेगळा विभाग आहे आणि चुकलं की पाव गुण जातो. यूपीएससीच्या सीसॅटमध्ये आणि बँकांच्या परीक्षांतही हीच जात वेगळ्या कपड्यांत भेटते. पद्धत मात्र सगळीकडे एकच चालते.

पायरी १: काय दिसलं आणि काय म्हटलं, हे वेगळं करा

उताऱ्यात दोन प्रकारची वाक्यं असतात. एक प्रकार नुसतं निरीक्षण सांगतो: या गटात हे जास्त आढळतं, हे वाढलं तेव्हा तेही वाढलं, हे सुरू झाल्यावर ते कमी झालं. दुसरा प्रकार जबाबदारी टाकतो: यामुळे हे घडलं. इंग्रजी उताऱ्यांत पहिल्या प्रकाराची ओळख म्हणजे ‘असोसिएटेड विथ’, ‘लिंक्ड टू’, ‘मोअर लाइकली टू’, ‘टेंड टू’. दुसऱ्याची ओळख म्हणजे ‘लीड्स टू’, ‘ड्यू टू’, ‘काँट्रिब्यूट्स टू’, ‘रिस्पॉन्सिबल फॉर’. पहिल्यावरून दुसऱ्यावर उडी जिथे मारली जाते, ती ओळ पेन्सिलने अधोरेखित करा. संगणकावर परीक्षा असेल तर कच्च्या कागदावर एका शब्दात टिपा.

सगळ्यात जास्त फसवणारा दावा मात्र सल्ल्याच्या वेषात येतो. ‘म्हणून पालिकेने चोऱ्या कमी करण्यासाठी कॅमेरे काढून टाकावेत.’ यात ‘मुळे’ हा शब्द कुठेच नाही. पण कॅमेरे काढल्याने चोऱ्या कमी होतील असं म्हणायचं, तर कॅमेऱ्यांमुळेच त्या होतात हे आतून मानलेलंच आहे. ‘अमुक करावं, म्हणजे तमुक होईल’ असा निष्कर्ष दिसला की तिथे कार्यकारणभाव लपलेला आहे असं समजूनच पुढे जा.

पायरी २: बाण काढा आणि यादी करा

कच्च्या कागदावर ‘अ → ब’ लिहा. आमच्या उदाहरणात अ म्हणजे कॅमेरे, ब म्हणजे तक्रारी. आता स्वतःला चार प्रश्न विचारायचे.

उलटा बाण शक्य आहे का, म्हणजे ब मुळे अ? तिसरी एखादी गोष्ट दोन्हींना ओढते का? हा निव्वळ योगायोग आहे का? आणि मोजण्यात किंवा निवडण्यातच खोट आहे का, म्हणजे मुळात सहसंबंध जसा दाखवला तसा आहे तरी का?

योगायोगाबद्दल फार सांगायला नको. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, तर फांदी कावळ्याने तोडली असं आपण म्हणत नाही. दोन-चार घटनांवरच दावा उभा असेल तर हा उमेदवार आठवा. शेकडो लोकांच्या पाहणीवर उभा असेल तर तो बहुतेक वेळा कमजोर असतो.

मोजणीतली खोट ओळखायला उताऱ्यातलं नेमकं क्रियापद वाचावं लागतं. चोऱ्या ‘झाल्या’ असं लिहिलंय की ‘नोंदवल्या गेल्या’? रुग्ण ‘वाढले’ की ‘सापडले’? तपासण्या दुप्पट केल्या तर आजार तेवढाच असूनही रुग्ण जास्त सापडणार. विद्यार्थी हा एक शब्द सोडून देतात आणि प्रश्न हातचा जातो.

आता तिसऱ्या गोष्टीकडे येऊ. इथे जरा थांबावं लागेल, कारण बरेच प्रश्न याच उमेदवारावर बेतलेले असतात.

१९९९ मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांची एक पाहणी आली. डोळ्यांच्या दवाखान्यात येणाऱ्या ४७९ मुलांच्या पालकांना विचारलं होतं: मूल दोन वर्षांचं व्हायच्या आधी रात्री कसं झोपायचं? अंधारात झोपणाऱ्यांपैकी १० टक्के मुलांना पुढे लघुदृष्टिदोष होता, म्हणजे लांबचं दिसत नव्हतं. मंद दिव्यात झोपणाऱ्यांत हे प्रमाण ३४ टक्के होतं आणि खोलीतला मोठा दिवा लावून झोपणाऱ्यांत ५५ टक्के. पायरीपायरीने चढणारं प्रमाण पाहून कुणालाही वाटेल की दिव्याने डोळे बिघडले. यातून कारण सिद्ध होत नाही, हे संशोधकांनी स्वतः लिहिलं होतं, पण बातम्या पसरल्या आणि जगभरच्या आईवडिलांना घोर लागला.

पुढच्याच वर्षी, २००० मध्ये, त्याच पत्रिकेत दुसऱ्या संशोधकांच्या पाहण्या आल्या. त्यांना दिवा आणि दृष्टिदोष यांचा संबंध आढळला नाही. आढळलं ते वेगळंच: ज्या आईवडिलांना स्वतःला लांबचं दिसत नाही, ते मुलाच्या खोलीत दिवा जास्त लावतात. आणि लघुदृष्टिदोष आईवडिलांकडून मुलांकडे येतो हे तर माहीतच होतं. बाण आता असा झाला: आईवडिलांचे डोळे → दिवा, आणि आईवडिलांचे डोळे → मुलाचे डोळे. दिवा आणि मुलाचा चष्मा यांच्यात थेट बाण न काढताही दोघं एकत्र दिसतात.

या उदाहरणातून परीक्षेसाठी एक कसोटी हाती लागते. तिसऱ्या गोष्टीची दोरी दोन्हीकडे बांधलेली असावी लागते. एक टोक दिव्याला, एक टोक दृष्टिदोषाला. एखाद्या पर्यायात लिहिलं असेल की ‘दिवा लावणाऱ्या घरांत वीजबिल जास्त येतं’, तर ती दोरी फक्त दिव्याकडे आहे. ‘काही मुलांना वाचनामुळेही दृष्टिदोष होतो’, तर ती फक्त दृष्टिदोषाकडे आहे, कारण वाचणारी मुलं दिव्यात झोपणाऱ्या गटातच जास्त आहेत असं कुणी म्हटलेलं नाही. असे एकटांगी पर्याय परीक्षेत ढिगाने असतात.

आपल्या न्यायदर्शनाने, म्हणजे तर्काचा विचार करणाऱ्या जुन्या भारतीय परंपरेने, हीच अडचण फार जुन्या काळी पकडली होती. घडा घडण्याआधी माती, चाक, कुंभार हे सगळं हजर असतं. पण माती वाहून आणणारं गाढवही हजर असतं. मग गाढव घड्याचं कारण का नाही? नैयायिक म्हणतात, कारण तेच जे कार्याच्या आधी नेमाने असतं आणि ‘अन्यथासिद्ध’ नसतं, म्हणजे ज्याच्यावाचून काम अडतं. गाढव नसतं तर माती डोक्यावरून आणता आली असती आणि घडा झालाच असता. पर्याय वाचताना मी मुलांना विचारते: यातला कुंभार कोण आणि गाढव कोण? प्रश्न चटकन सुटतो.

पायरी ३: सहसंबंधाचा प्रकार पाहा

सगळे सहसंबंध एका साच्याचे नसतात. दोन गटांची तुलना असेल (कॅमेरे असलेल्या आणि नसलेल्या सोसायट्या) तर पहिला संशय: हे गट मुळातच वेगळे होते का? आधी-नंतरची तुलना असेल (नियम आला आणि अपघात घटले) तर संशय वेगळा: त्याच काळात आणखी काय बदललं, आणि घट आधीपासूनच सुरू होती का?

आधी-नंतरच्या तुलनेत आणखी एक खाचखळगा आहे. एखाद्या चौकात एका वर्षी नेहमीपेक्षा फार जास्त अपघात होतात, ओरड होते, गतिरोधक बसतात आणि पुढच्या वर्षी अपघात घटतात. गतिरोधकांमुळे? असेलही. पण ते वर्षच अपवादाने वाईट असेल तर पुढचं वर्ष काही न करताही नेहमीच्या आकड्याकडे परतलं असतं. उपाय बहुतेकदा वाईट वेळीच केला जातो, म्हणून उपायानंतर सुधारणा दिसणं स्वाभाविक असतं. हीच जागा पकडणारा पर्याय ‘ते वर्ष सोडलं तर त्या चौकात आधीची अनेक वर्षं अपघात जवळपास तेवढेच होते’ अशा साध्या वाक्यात येतो आणि वरवर वाचणारा तो असंबद्ध समजून सोडतो.

पायरी ४: प्रश्न काय विचारतोय त्याप्रमाणे पर्यायाकडे जा

*दाव्याला बळ देणारा पर्याय.* बळ चार-पाच ठरावीक वाटांनी येतं. प्रतिस्पर्धी उमेदवार बाद होतो. कारण काढून घेतलं की परिणामही जातो. कारणाचं प्रमाण वाढलं की परिणाम वाढतो. कारणातून परिणाम कसा घडतो, त्याची यंत्रणा सांगितली जाते. कारण आधी आलं होतं, हे काळावरून ठरतं.

यांतल्या पहिल्या दोन वाटा एकत्र पाहायच्या असतील तर व्हिएन्नातल्या सार्वजनिक रुग्णालयाची गोष्ट डोळ्यांसमोर आणा. १८४० च्या दशकात तिथे बाळंतपणाचे दोन विभाग होते. पहिल्यात वैद्यकीय विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुइणी. पहिल्यात बाळंतज्वराने दगावणाऱ्या बायका दुसऱ्यापेक्षा खूपच जास्त. इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरने एकेक उमेदवार तपासला. गर्दी? दुसऱ्या विभागातच गर्दी जास्त होती. हवामान? दोन्ही विभाग एकाच रुग्णालयात, हवा एकच. बायकाच मुळात वेगळ्या? तेही नाही, कारण कोणत्या विभागात दाखल करायचं हे वारावर ठरायचं. १८४७ च्या मार्चमध्ये त्याचा सहकारी याकोब कोलेचका शवविच्छेदन करताना हाताला सुरीचं टोक लागून दगावला आणि त्याच्या शरीरात तीच लक्षणं दिसली. विद्यार्थी शवविच्छेदन करून थेट बाळंतिणींना तपासत. सुइणी शवविच्छेदन करत नसत. मे महिन्यात त्याने क्लोरीनच्या चुन्याच्या पाण्याने हात धुणं सक्तीचं केलं. पहिल्या विभागातलं मृत्यूचं प्रमाण एप्रिलमध्ये १८.३ टक्के होतं, जूनमध्ये २.२ टक्के झालं.

‘दोन्ही विभागांत दाखल होणाऱ्या बायकांची प्रकृती सारखीच होती’ हे वाक्य पर्यायात आलं असतं तर किती मुलांनी ते बळ देणारा म्हणून निवडलं असतं? फार थोड्या. त्यात हातांचा उल्लेख नाही, ज्वराचा नाही. पण ते एका प्रतिस्पर्ध्याला मैदानाबाहेर काढतं, आणि म्हणूनच ते उत्तर असू शकतं. परीक्षा तयार करणाऱ्यांना असे शांत दिसणारे पर्याय फार आवडतात.

*दावा कमजोर करणारा पर्याय.* इथे उलटं: प्रतिस्पर्ध्याला बळ द्या, किंवा कारण आहे पण परिणाम नाही, परिणाम आहे पण कारण नाही, असं दाखवा. सावधगिरी एकच. एकट्यादुकट्या उदाहरणाने गटाबद्दलचा दावा हलत नाही. ‘आमचे आजोबा आयुष्यभर विडी ओढून नव्वदी पार करून गेले’ याने धूम्रपान घातक नाही असं ठरत नाही, आणि परीक्षेतही ‘काही धूम्रपान करणाऱ्यांना कर्करोग झाला नाही’ हा पर्याय फसवा असतो.

धूम्रपानाचंच प्रकरण पुढे नेऊ. १९५० मध्ये ब्रिटनमधल्या रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी सिगारेट आणि फुप्फुसाच्या कर्करोगाचा संबंध दाखवला. थोर संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी आक्षेप घेतला: कदाचित एखादी आनुवंशिक प्रवृत्तीच माणसाला सिगारेटकडे आणि कर्करोगाकडेही ढकलत असेल. दोरी दोन्हीकडे आहे, म्हणजे तर्काच्या दृष्टीने आक्षेप कायदेशीर होता. मग तो कशाने पडला? १९५१ पासून सुमारे ४० हजार ब्रिटिश डॉक्टरांचा जो दीर्घ पाठपुरावा झाला, त्यात सिगारेट सोडणाऱ्यांचा धोका न सोडणाऱ्यांपेक्षा कमी आढळला, आणि सोडून जितकी जास्त वर्षं झाली तितका तो कमी. जनुकं तर तीच राहिली, सिगारेट गेली, धोकाही उतरला. ‘सोडल्यावर काय होतं’ हे सांगणारा पर्याय म्हणून इतका ताकदवान असतो.

*गृहीतक विचारणारा प्रश्न.* गृहीतक म्हणजे जे खरं नसेल तर दावा कोसळतो ते. म्हणून पर्याय उलटा करून पाहा. ‘सोसायट्यांनी कॅमेरे चोऱ्या वाढल्यामुळे बसवले नव्हते’ हा पर्याय उलटा केला: ‘कॅमेरे चोऱ्या वाढल्यामुळेच बसवले होते.’ दावा कोसळला, म्हणजे तो गृहीतक आहे. ‘चोऱ्या वाढण्याचं कॅमेऱ्यांखेरीज दुसरं कोणतंही कारण नाही’ हा मात्र उलटा केल्यावर काही बिघडत नाही: दुसरी कारणं असली तरी कॅमेरेही एक कारण असू शकतात. ‘एक कारण’ आणि ‘एकमेव कारण’ यांतला हा फरक दर परीक्षेत कुणाचा तरी बळी घेतो.

*विसंगतीचं स्पष्टीकरण विचारणारा प्रश्न.* इथे खोडून काढायला काहीच नसतं. दोन्ही तथ्यं खरी, फक्त ती एकत्र कशी राहतात ते सांगायचं. व्हिएन्नातलीच गोष्ट घ्या: रुग्णालयात यायच्या वाटेवर, रस्त्यातच बाळंत झालेल्या बायकांना पहिल्या विभागात बाळंत झालेल्यांपेक्षा ज्वर कमी व्हायचा. रस्त्यावर कमी आणि रुग्णालयात जास्त? स्पष्टीकरण असं हवं जे रस्ता आणि रुग्णालय यांच्यातल्या फरकाला स्पर्श करेल: वाटेत बाळंत झालेल्यांची प्रसूतीवेळी विद्यार्थ्यांच्या हातांनी तपासणी झालेली नसे. ‘त्या काळी बाळंतज्वराने सगळीकडेच बायका दगावत’ हा पर्याय खरा आहे, पण तो दोन्हीकडे सारखाच लागू पडतो. जे दोन्हीकडे सारखं, ते फरक समजावू शकत नाही.

*अनुमानाचा प्रश्न*, म्हणजे ‘उताऱ्यावरून काय निश्चित म्हणता येईल’, त्यात उतारा फक्त सहसंबंध सांगत असेल तर ‘मुळे’ असलेला पर्याय डोळे झाकून बाजूला ठेवा.

एक पूर्ण प्रश्न सोडवू

ही परिस्थिती मी रचलेली आहे, पण कोल्हापूर-सांगलीकडच्या वाचकांना ओळखीची वाटेल.

‘एका तालुक्यातल्या पाहणीत आढळलं की ज्या ऊस उत्पादकांनी ठिबक सिंचन बसवलं आहे, त्यांचं एकरी उत्पादन पाटपाणी देणाऱ्यांपेक्षा बरंच जास्त आहे. तेव्हा ठिबकमुळे उसाचं उत्पादन वाढतं.’

पुढीलपैकी कोणत्या विधानामुळे हा दावा सर्वांत जास्त कमजोर होतो?

१. ठिबकचा संच बसवायला एकरी मोठा खर्च येतो.
२. ठिबकमधून विद्राव्य खत थेट मुळांशी पोचतं, त्यामुळे पिकाला ते जास्त लागू पडतं.
३. शेजारच्या तालुक्यातही ठिबकवाल्यांचं उत्पादन जास्त आढळलं.
४. ठिबक बसवणाऱ्या बहुतेक शेतकऱ्यांनी बसवण्याच्या आधीपासूनच माती परीक्षण करून खतं दिली होती आणि दर लागणीला निवडक बेणं वापरलं होतं.
५. पाटपाणी देणाऱ्या काही शेतकऱ्यांचं उत्पादन ठिबकवाल्यांइतकंच आहे.

बाण काढा: ठिबक → उत्पादन. यादी करा. उलटा बाण शक्य आहे, कारण ज्यांचं पीक आधीच चांगलं येतं त्यांच्या हातात संच घ्यायला पैसे असतात. तिसरी गोष्टही शक्य आहे: हौशी, अभ्यासू शेतकरी ठिबकही लावतो आणि बाकी शेतीही नीट करतो.

पहिला पर्याय खर्चाचा. दोरी फक्त ठिबककडे आहे. ‘म्हणजे श्रीमंतच लावतात, म्हणजे...’ अशी आपल्या पदरची साखळी विद्यार्थी जोडतात. चौथ्या पर्यायात ती साखळी लिहून दिलेली असताना पहिल्यासाठी स्वतः राबायचं कारण नाही.

दुसरा आणि चौथा शेजारी ठेवून बघा, कारण या लेखातली सगळ्यात महत्त्वाची जागा हीच आहे. दोन्हींत खत आहे. दोन्हींमुळे उत्पादन वाढतं. मग एक बळ देतो आणि दुसरा कमजोर करतो ते का? दुसऱ्यात खत जास्त लागू पडतं ते ठिबक*मुळे*. बाण ठिबकमधून खतात आणि खतातून उत्पादनात जातो. खत हा मधला थांबा आहे, आणि मधला थांबा सापडला की मूळ दावा पक्का होतो. चौथ्यात खत आणि बेणं ठिबकच्या *आधीपासून* आहेत, ठिबकच्या बाहेर आहेत. ते ठिबकला पाठीमागे सारून स्वतः कारण होऊ पाहतात. पर्यायात एखादी मधली गोष्ट दिसली की लगेच विचारा: ही अ मधून निघते, की अ च्या बाहेरून येते? अनेक हुशार मुलं ‘अरे, म्हणजे खरं कारण खत आहे, ठिबक नाही’ म्हणून दुसरा पर्याय निवडतात आणि गुण घालवतात.

तिसरा पर्याय त्याच सहसंबंधाची दुसरी प्रत आहे. त्याने योगायोगाची शंका कमी होते, म्हणजे झालंच तर दाव्याला थोडं बळ मिळतं. पण अभ्यासू शेतकरी शेजारच्या तालुक्यातही असतात, त्यामुळे तिसऱ्या गोष्टीची शंका जशीच्या तशी राहते. बळ देणारा पर्याय विचारला असतानाही हा प्रकार बहुतेक वेळा दुसऱ्या क्रमांकावर येतो, पहिल्या नाही.

पाचवा पर्याय ‘काही’ शेतकऱ्यांबद्दल आहे. सरासरीवरचा दावा काहींनी हलत नाही. उत्तर ४.

आता प्रश्न बदलून ‘बळ देणारं विधान’ विचारलं तर सगळ्यात भक्कम पर्याय कसा दिसेल? ‘ज्यांनी आपल्याच अर्ध्या रानात ठिबक लावून अर्ध्यात पाटपाणी ठेवलं, बेणं-खत दोन्हीकडे सारखं दिलं, त्यांनाही ठिबकच्या अर्ध्यात जास्त ऊस मिळाला.’ शेतकरी तोच, माती तीच, बेणं तेच. बदलली ती फक्त एक गोष्ट. व्हिएन्नाच्या रुग्णालयात दाखल करण्याच्या वाराने जे काम केलं, ते इथे बांधाने केलं.

बँकेच्या परीक्षेतला छोटा भाऊ

बँकांच्या परीक्षांत दोन विधानं देऊन नातं विचारतात: पहिलं कारण, दुसरं कारण, दोन्ही स्वतंत्र कारणं, दोन्ही स्वतंत्र कारणांचे परिणाम, की दोन्ही एकाच कारणाचे परिणाम. ‘१: मुंबईत लोकल गाड्या तासभर उशिराने धावत आहेत. २: मुंबईतल्या शाळांना आज सुट्टी जाहीर झाली.’ घाईत वाटतं की लोकल उशिरा म्हणून सुट्टी. पण दोन्ही एकत्र घडायला मुसळधार पाऊस हे उघड सामाईक कारण आहे, तेव्हा शेवटचा पर्याय. दुसऱ्या विधानाऐवजी ‘अनेक कार्यालयांत आज कर्मचारी उशिरा पोचले’ असतं तर मात्र पहिलं कारण, दुसरं परिणाम. विधानांच्या बाहेरचं पण जगात उघड दिसणारं कारण इथे चालतं. जीमॅट-एलसॅटमध्ये ते पर्यायात लिहिलेलं असावं लागतं. दोन्ही प्रकारच्या परीक्षांची तयारी एकाच वेळी करणाऱ्यांनी हा फरक पक्का लक्षात ठेवावा.

सराव कसा करायचा

रोज दहा प्रश्न सोडवण्यापेक्षा तीन घ्या, पण प्रत्येकाच्या पाचही पर्यायांपुढे एक शब्द लिहा: उलटा, तिसरी, मधला थांबा, मोजणी, एकटांगी, दोन्हीकडे सारखं, फक्त काही. चुकलेल्या प्रश्नात तुम्ही निवडलेल्या पर्यायापुढचा शब्द कोणता होता ते वेगळ्या वहीत टिपा. दोनतीन आठवड्यांत स्वतःची सवय दिसू लागते. माझ्या वर्गात सर्वाधिक चुका ‘मधला थांबा’ आणि ‘दोन्हीकडे सारखं’ या दोन शब्दांपुढे पडतात.

जाता जाता एक तुमच्यासाठी. ‘एका जिल्ह्यातल्या ज्या गावांत वाचनालय आहे, तिथली मुलं दहावीत जास्त गुण मिळवतात. म्हणून प्रत्येक गावात वाचनालय उघडावं, म्हणजे गुण वाढतील.’ पर्याय असा: ‘वाचनालय असलेल्या बहुतेक गावांत ते गेल्या वर्षभरातच सुरू झालं, आणि तिथल्या मुलांचे गुण त्याआधीची अनेक वर्षंही इतर गावांपेक्षा तेवढेच जास्त होते.’ हा पर्याय काय करतो? वाचनालय येण्याआधीही फरक तेवढाच होता. परिणाम कारणाच्या आधीपासून उभा आहे, तेव्हा बाण सरळ राहू शकत नाही. उलटा (शिक्षणाची ओढ असलेल्या गावांनी वाचनालय मागून घेतलं) किंवा तिसऱ्याकडून (रस्ता, शाळा, पगारदार पालक) येऊ शकतो. यांतला कोणता ते पर्याय सांगत नाही आणि त्याने सांगायची गरजही नाही. दावा कमजोर करायला सरळ बाण डळमळला एवढं पुरतं.